निनावी अर्जाने अडवलेली मुलगी

निनावी अर्ज मी नोकरीत पोत्याने वाचले. शेजाऱ्याच्या गॅलरीबद्दल, जावयाच्या लफड्याबद्दल, खुद्द माझ्याबद्दलही. त्यातला एकच अर्ज अजून शब्द न् शब्द आठवतो, कारण त्या एका पानामुळे चार वर्षांच्या एका मुलीचा परदेशचा प्रवास माझ्या टेबलावर येऊन थांबला होता.

आधीच सांगून टाकतो. कागदोपत्री या तपासाचं श्रेय दुसऱ्यांच्या नावावर आहे. शाल आणि श्रीफळ त्यांनी घेतलं, फोटोही त्यांचाच छापून आला. मला मिळाला तो खुलासा मागणारा मेमो. नावं घेणार नाही. पण काम कोणी केलं ते मला ठाऊक आहे, आणि माझ्याबरोबर असलेल्या महिला हवालदारांना.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत निरीक्षक झालो. आई भायखळ्याच्या बाजारात भाजी विकायची. समोरचा खोटं कधी बोलतो आणि नुसता घासाघीस कधी करतो, हे मी प्रशिक्षण केंद्रात नाही, तिच्या पाटीमागे बसून शिकलो. तापट स्वभाव मात्र माझा स्वतःचा.

अर्ज उपायुक्तांच्या कार्यालयात आला होता आणि 'तातडीने चौकशी करून अहवाल द्या' असा शेरा मारून माझ्याकडे उतरला. परळला माझ्या हद्दीत अनाथ मुलांची एक संस्था होती. तिथली एक मुलगी परदेशातल्या एका जोडप्याला दत्तक जाणार होती. अर्जात लिहिलं होतं की ही मुलगी बेवारस नाही. तिचा जन्म श्रावणातल्या अमुक तारखेचा, नक्षत्र मूळ. मुळावर जन्मली म्हणून सासरच्यांनी तिला आईपासून तोडलं. आई जिवंत आहे, रोज रडते आहे. मुलीला देशाबाहेर जाऊ देऊ नका. खाली सही नाही. अक्षर सुरेख, शाईपेनाचं.

जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश पुढच्या आठवड्यात निघायचा होता. तो थांबला.

मी हवालदार बाईंना घेऊन संस्थेत गेलो. बाई लालबागच्या, मूळच्या मालवणच्या, जिभेला धार. अधीक्षिका मॅडमनी फाईल पुढे ठेवली. मी पहिल्यांदा जन्मतारीख बघितली. अर्जातली आणि फाईलमधली तारीख तंतोतंत जुळत होती.

माझं डोकं फिरलं. "मॅडम, पत्र लिहिणाऱ्याला मुलीची जन्मतारीख माहीत आहे! म्हणजे आई आहे. तुम्ही तिला बेवारस दाखवून विमानात बसवायला निघालात?" मी टेबलावर हात आपटला. बाहेर खेळणारी पोरं गप्प झाली.

"सायबांनू, हळू जरा," बाई पुटपुटल्या. "पोरां घाबारली."

मॅडमच्या आवाजात फरक पडला नाही. "ओरडून झालं असेल तर सांगते. ही तारीख आम्हीच दिलेली आहे."

"म्हणजे?"

"मुलगी सापडली तेव्हा तिच्याजवळ चिठ्ठी नव्हती, काही नव्हतं. डॉक्टरांनी दात मोजले. वर चार, खाली दोन. वय लिहिलं अंदाजे अकरा महिने. मग सापडली त्या तारखेपासून आम्ही अकरा महिने मागे मोजले. बघा, दिवसाचा आकडा तोच आहे. खरी तारीख तिच्या आईलाच माहीत."

मी फाईल पुन्हा बघितली. आकडा तोच होता. जी गोष्ट मी पुरावा समजत होतो तीच उलटली होती. खऱ्या आईने कुठलीही तारीख लिहिली असती, ही लिहिली नसती. लिहिणाऱ्याने हा कागद वाचला होता.

मी मॅडमची माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

"ही फाईल कोण कोण बघतं?" मी विचारलं.

"आमची माणसं, बालकल्याण समिती, आणि ज्यांना मुलगी दाखवली ती जोडपी. आधी देशातल्या पालकांना विचारतात. सरकारच्या दत्तक पोर्टलवर मुलीची माहिती दिसते, होय की नाही ते दोन दिवसांत सांगायचं. परगावच्या एका जोडप्याने हृदयाला भोक आहे वाचून न येताच नकार दिला. दुसरं गिरगावचं. ते आले, तासभर तिच्याशी खेळले. दुसऱ्या दिवशी नकार आला. कारण दिलं घरगुती. मग परदेशात गेली फाईल."

"आणि त्या भोकाचं?"

"शस्त्रक्रिया झाली. आता जिने पळत चढते."

मॅडमनी परदेशच्या जोडप्याचीही कागदपत्रं दाखवली. दीड वर्ष चाललं होतं. त्यांच्या घराची तपासणी, डॉक्टरांचे दाखले, तिथल्या पोलिसांचा दाखला, शेजाऱ्यांची पत्रं. मुलीसाठी बुटकी खाट तयार होती, खाटेचा फोटोही जोडलेला. त्यांनी पाठवलेला अल्बम संस्थेत मुलांना सांभाळणाऱ्या मावशी रोज दुपारी मुलीला दाखवत होत्या, चेहरे ओळखीचे व्हावेत म्हणून.

"त्यांना काय कळवू?" मॅडमनी विचारलं.

"आई जिवंत असल्याचा अर्ज आलाय, चौकशी चालू आहे, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. मला वाटलं, आता वकिलाची नोटीस. त्या जोडप्याचं उत्तर त्यांनी वाचून दाखवलं. मुलीची आई खरंच असेल तर मुलगी तिचीच. नीट शोधा. फक्त जे असेल ते आम्हाला खरं सांगा.

अर्जातलं नक्षत्र फाईलमध्ये नव्हतं, म्हणजे कोणीतरी त्या तारखेवरून पत्रिका काढली होती; आणि मुलगी बघून दुसऱ्या दिवशी फिरलेलं घर एकच होतं. मी फोन ठेवला आणि बाईंना म्हटलं, "साध्या साडीत या. गिरगावात जायचंय."

इथे मी नियम मोडला. गिरगाव माझ्या हद्दीत नव्हतं, तिथल्या ठाण्याला कळवून जायला हवं होतं. कळवलं असतं तर दारात वर्दीतला माणूस उभा राहिला असता, चाळ गोळा झाली असती आणि त्या घरातून एक शब्द निघाला नसता. मेमो त्याचाच आला. आजही तीच वेळ आली तर तसाच जाईन.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. दार सासऱ्यांनी उघडलं, पंच्याहत्तरीचे, अंगात स्वच्छ बंडी. मुलगा कामावर. सून पंचेचाळिशीला टेकलेली, मराठी शाळेत शिक्षिका. सुट्टी होती म्हणून घरी. मी ओळखपत्र दाखवलं.

"पोलिसांचं आमच्याकडे काय काम?" सासरे म्हणाले.

"तुम्ही परळला मुलगी बघायला गेला होतात."

"तो विषय संपला. मी गेलो नव्हतो, ही दोघं गेली होती."

"मग नाही कोणी म्हटलं?"

सून चहा ठेवायला वळली, पण स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला नाही. ती ऐकत होती.

"काका," मी म्हटलं, "सरळ व्यवहार करू. तुम्ही मला एक कागद दाखवा, मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. त्या मुलीची पत्रिका काढली होती ना? ती द्या."

"पत्रिका काढणं गुन्हा आहे का?"

"मुळीच नाही. माझीही काढली होती आईने. त्यात मी व्यापारी होणार होतो."

बाई हसल्या. म्हातारा हसला नाही, पण कपाटाकडे गेला. पत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. नक्षत्र मूळ. खाली ज्योतिषाने लिहिलं होतं, पित्यास अरिष्ट.

"माझा एकच मुलगा आहे, साहेब," ते म्हणाले. "त्याच्या जिवाशी खेळू?"

"जन्मतारीख कुठून घेतलीत?"

"सरकारी कागदावरून. अगदी अधिकृत."

"अधिकृत आहे. डॉक्टरांनी दात मोजून काढलेली आहे. वर चार, खाली दोन. अकरा महिन्यांची वाटली म्हणून अकरा महिने मागे मोजले. तुमच्या ज्योतिषाने पत्रिका मांडली ती मुलीची नव्हे, दातांची."

त्यांनी पत्रिकेतल्या नक्षत्रावर बोट ठेवलं. "म्हणजे मूळ नव्हतं?"

"असेल, नसेल. कोणालाच माहीत नाही."

आतून हसण्याचा आवाज आला. सून दारात उभी होती. हसता हसताच तिचा चेहरा वाकडा झाला. "दात मोजले हो अप्पा त्यांनी. दात!" मग ती माझ्याकडे वळली. "पत्र मी लिहिलं. मला कुठे नेणार?"

मी काहीच विचारलं नव्हतं. माझा अनुभव असा की खोटं लिहिणाऱ्या माणसाला सगळंच खोटं लिहिता येत नाही. कुठेतरी स्वतःचं खरं तो घालतोच. तिने लिहिलेली सासरची माणसं तिच्याच घरातली होती, आणि रडणारी आईही.

बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं. ती सांगत गेली. ती मुलगी तासाभरात तिच्या मांडीवर येऊन झोपली होती. घरी आल्यावर पत्रिका निघाली. नवरा गप्प बसला, तीही गप्प बसली. नकार गेला. नंतर ती दर महिन्याला संस्थेत फोन करून मुलीची चौकशी करायची. तिथूनच कळलं की मुलगी परदेशी चालली.

"वाटलं, तिकडचं मोडलं तर फाईल परत इकडे येईल. आम्हाला पुन्हा विचारतील." तिने डोळे पुसले. "साहेब, तुमच्या अहवालावर आहे ना सगळं? अजून थांबवता येईल का?"

खरं सांगायचं तर येत होतं. 'चौकशी अपूर्ण' असं एक वाक्य पुरलं असतं. पुढचे सहा महिने फाईल हलली नसती. आणि ती बाई वाईट नव्हती.

"नाही, ताई," मी म्हटलं. "तुम्हाला दोन दिवस मिळाले होते, त्यात तुम्ही बोलला नाहीत. ती परदेशची माणसं दीड वर्ष जागची हललेली नाहीत. आई असेल तर मुलगी तिला द्या म्हणाली, तरी हलली नाहीत."

सासरे पुढे आले. "हे इथेच मिटवा. घराची अब्रू आहे."

इथे माझा पारा चढला. "काका, अब्रू तुमच्या सुनेने आत्ता राखली, खरं बोलून. ऐका आता. ती स्वतःच्या हाताने जबाब लिहील, आज, माझ्यासमोर. साक्षीदार म्हणून खाली तुम्ही सही कराल. बदल्यात गुन्हा दाखल करू नये अशी शिफारस मी माझ्या सहीने करीन. यात घासाघीस नाही."

"मी कशाला सही करू?"

"कारण पत्रिका तुम्ही काढलीत."

त्यांनी सही केली. नाव पूर्ण लिहिलं.

अर्ज खोटा निघाला म्हणून मुलगी बेवारस ठरत नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा विचारायला पुष्कळदा कोणी जात नाही. पालकांचा शोध लागला नाही, हा मूळ अहवाल दुसऱ्या ठाण्याचा होता, साडेतीन ओळींचा. मुलगी भायखळ्याच्या बाजारात कोबीच्या पोत्यांमागे सापडली होती. मी आणि बाई तीन दिवस पहाटे तिथे गेलो. बसणाऱ्या बायकांपैकी निम्म्या माझ्या आईला ओळखत होत्या. "कोणी शोधायला आलं नाही रे बाबा," त्या म्हणाल्या, "आम्हीच वर्षभर विचारत होतो." सगळ्यांचे जबाब घेतले, हरवलेल्या मुलांच्या नोंदी राज्यभरातून तपासल्या. माझा अहवाल बावीस पानांचा झाला. तो वरच्या कार्यालयात गेला आणि तिथून दुसऱ्याच पथकाच्या नावाने पुढे गेला. हे मी विसरलेलो नाही.

आदेश निघाला, पासपोर्ट आला, ते जोडपं मुंबईत आलं. मॅडमनी मला बोलावलं. माझ्या ओरडण्याबद्दल मी तेव्हा माफी मागितली. दुपारची वेळ होती. मुलगी मावशींच्या पदराआड उभी. ती परदेशी बाई आत आली आणि दारापाशीच जमिनीवर मांडी घालून बसली. हाक मारली नाही, हात पुढे केले नाहीत. तिचा नवराही शेजारी बसला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझी चुळबुळ सुरू झाली. मी असतो तर उचलूनच घेतलं असतं.

सौद्यात जो घाई करत नाही तो जिंकतो, हे मला माहीत होतं. पण ती दोघं जिंकायला बसलीच नव्हती. दीड वर्षात मुलगी हातची जाण्याची वेळ आली तेव्हाही त्यांनी तिच्यासाठी हट्ट धरला नव्हता. मी आयुष्यभर माणसं ओळखली ती त्यांना काय हवंय यावरून. हवं असलेलं सोडायची तयारी ठेवून बसलेली माणसं मी फार थोडी पाहिली. त्यांच्यासाठी मी हद्द ओलांडली, याचा मला अभिमान आहे. मेमोसकट.

अर्ध्या तासाने मुलगी पदराआडून निघाली, कोपऱ्यातून स्वतःची सँडल घेऊन आली आणि त्या बाईच्या मांडीवर पाय ठेवला.

"घाल," ती म्हणाली.