कासवामागची पंपाची खोली

रूपाली मगदूमला माणसांची शिसारी आली ती भर स्टेजवर, शाल-श्रीफळ घेताना. त्याआधी ती माणसांना बरी समजायची, म्हणजे आपण सगळेच समजतो तेवढी.

कोल्हापुरात तिचं पाट्या रंगवायचं दुकान. दुकान तिच्या वडिलांचं, आप्पांचं. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. उरली ती आसपासच्या गावांतल्या जैन बस्त्यांची, म्हणजे मंदिरांची, रंगकामं. बस्तीत प्रत्येक तीर्थंकराच्या आसनाखाली त्याचं चिन्ह काढायचं असतं आणि मुनिसुव्रतांचं चिन्ह कासव. ते काढून काढून तिचा हात बसला होता, पण कासव पुस्तकातलं, टणक पाठीचं.

मग नृसिंहवाडीच्या अलीकडे एका बस्तीचं काम चाललं असताना ती नदीवर ब्रश धुवायला गेली आणि तिला नदीतलं खरं कासव दिसलं. चपटं, मऊ पाठीचं, सोंडेसारखं नाक पाण्याबाहेर काढलेलं. बाई हरखून गेली. वाळूउपसा आणि नासकं पाणी यांनी ही जात इथून संपत चालली आहे, हे तिला नंतर कळलं. पुढे त्याच वळणावर एक मादी वाळूत अंडी घालताना तिने पाहिली. कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून तिने बाभळीचे काटे गोळा करून त्या जागेवर रचले, आणि घरी येऊन चित्राला बसली. लोकांनी एकदा हे बघितलं तर त्यांना दया येईल, असं तिला वाटलं. किती भाबडी असावीत माणसं, त्याला काही मर्यादा.

चित्र मोठं झालं. पुढे वाळूवरची मादी, मागे नदीचं वळण, वाकडी बाभळ आणि छप्पर उडालेली पंपाची खोली. भिंतीवरची बियाण्याची पुसट जाहिरातसुद्धा तिने सोडली नाही. आप्पा म्हणायचे, "मागचं खोटं असलं की म्होरचं बी खोटं दिसतंय." लेकीने ते गाठीला बांधून ठेवलेलं.

विजयसिंह नावाच्या बिल्डरने ते चित्र प्रदर्शनासाठी मागून नेलं. हा गृहस्थ एका क्लबाचा अध्यक्ष. दरवर्षी काहीतरी वाचवायचा, यंदा निसर्गाची पाळी होती. पावसाळा तोंडावर असताना त्याने हॉल घेऊन प्रदर्शन भरवलं. लोक चित्राकडे पाठ करून सेल्फी काढत होते. विजयसिंहाने कासव म्हणजे साक्षात लक्ष्मी, असं भाषण ठोकलं, रूपालीच्या खांद्यावर शाल टाकली आणि शेजारच्या टेबलावरचं कापड ओढलं.

टेबलावर काचेच्या बरण्या मांडल्या होत्या. प्रत्येकीला गुलाबी फीत आणि प्रत्येकीत बंद्या रुपयाएवढं कासवाचं पिल्लू, काचेला नाक घासणारं. पहिली बरणी त्याने तिच्याच हातात दिली.

"ही कुठनं आणली?" तिने विचारलं.

"तुमच्याच चित्रातनं की ताई," तो माइकवरूनच म्हणाला. "आमच्या पोरांनी पंपाची खोली लगेच वळखली. जाऊन बघितलं तर वर काटं रचल्यालं. म्हंजे जागा हीच. नुकतीच फुटलीती अंडी, सगळी घावली. आता सगळ्या पावण्यास्नी एकेक."

टाळ्या पडल्या. रूपालीला त्या टाळ्यांची किळस आली, त्या गुलाबी फितींची आली, आणि सगळ्यात जास्त आली ती आपल्या सफाईदार हाताची. या लोकांना तिनेच बोट धरून तिथवर नेलं होतं.

तिने शाल काढून खुर्चीवर टाकली. प्रदर्शनाची पाटी रंगवायला आणलेली आपली रंगाची बादली घासून, पाणी भरून ती दारात उभी राहिली आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाकडे बरणी मागू लागली. एक बाई म्हणाली, "असू द्या हो, घराला शुभ असतंय."

"त्याच्या घराचं काय झालं मग?" रूपाली म्हणाली. बाईने तोंड वाकडं करून बरणी रिकामी केली. कित्येकांनी केली. काही जण मात्र पदराखाली बरणी लपवून मागच्या दाराने सटकले, चोरासारखे, आणि चोरच ते. ती बादली घेऊन थेट वनखात्यात गेली. पिल्लं नदीत सोडू, म्हणून तिथल्या माणसाने बादली ताब्यात घेतली.

दुसऱ्या दिवशी ती हॉलवर चित्र उतरवायला गेली. उतरवायच्या आधी तिने पंपाची खोली मातीच्या रंगाने बुजवून टाकली, मग बाभळ, मग नदीचं वळण. चित्र बिघडलं. ती बुजवतच राहिली. तेवढ्यात विजयसिंहाचा फोन आला.

"ताई, काल जरा गडबड केलीसा, पर राग न्हाय आपला. आमची दोन पिल्लं हायेत बघा, बंगल्यातल्या टाकीत मस्त पवत्यात. फुडल्या वर्षाला खवल्या मांजर घेऊया. आन मागचं समदं असंच हुबेहूब काढा, लोकास्नी लई आवडलं."

"काढते की," रूपाली म्हणाली. "पण त्याआधी हेच चित्र पुरं करते. मागची जागा मोकळीच केली आहे. तिथं तुमचा बंगला काढते, गेटावरच्या नावासकट, आणि वनखात्याच्या दारात नेऊन लावते. तुमच्या पोरांसारखं त्यांनीबी लगेच वळखू दे."