लिफ्टवाल्याचं ‘डिपेंड्स’

“जेवायला कधी येणार?” असं विचारलं की लिफ्टवाला म्हणायचा, “डिपेंड्स.”

“अहो, कशावर?” बायको करवादायची.

“कुठली लिफ्ट कधी अडकते, त्यावर.”

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर ती गप्प बसली असती. पण छे! चहा हवा का? डिपेंड्स. लेक लहान असताना लाडात येऊन म्हणाली, “बाबा, मी शहाणी ना?” तर तिलासुद्धा डिपेंड्स! पोर दिवसभर गाल फुगवून बसली होती.

हा शब्द त्याने आपल्या उस्तादाकडून उचललेला. उस्तादाची शिस्तच तशी होती. लिफ्ट दुरुस्त केली तरी ‘झाली’ म्हणायचं नाही. आधी वजनं भरून, स्वतः आत उभं राहून वरखाली फिरवायची. तोवर कोणी कितीही मागे लागो, उत्तर एकच. कामावर ठीक आहे हो, पण घर म्हणजे काय लिफ्ट आहे? बायकोचं डोकं उठायचं.

मग तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. एक डोळा आधीच गेलेला, आणि आता उरलेल्याचाही पडदा सुटत चाललेला.

“तुम्ही येणार ना दवाखान्यात?”

“डिपेंड्स.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “राहू द्या! बसा तुमच्या लिफ्टा कुरवाळत!” तिने तडक बहिणीला फोन लावला.

ऑपरेशनच्या दिवशी बहिणीचा हात धरून ती दवाखान्यात पोचली, तर दारातच ओळखीचा खोकला ऐकू आला. स्वारी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तिच्याआधी हजर. तिने मुद्दाम तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी डोळा तपासला. लिफ्टवाल्याने विचारलं, “हिला दिसेल ना पुन्हा?”

“डिपेंड्स,” डॉक्टर म्हणाले.

“डिपेंड्स म्हणजे काय?” लिफ्टवाला केवढ्याने तरी ओरडला. “अहो, माणूस आहे ते! हो की नाही, एक काय ते सांगा!”

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “आत गेल्याशिवाय नाही सांगता येत.” लिफ्टवाल्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“कळलं?” बायको म्हणाली. “जन्मभर हेच ऐकतेय मी.” तिला हसूही येत होतं आणि रडूही. आत नेताना तिने विचारलं, “बाहेर येईन तेव्हा इथेच असाल ना?”

“डि...” त्याने जीभ चावली. “असेन.”

पट्टी बांधून तिला बाहेर आणलं. नजरेचं अजून कोणीच काही सांगत नव्हतं. तिने अंधारात हात पुढे केला, आणि ग्रीसचा वास येणाऱ्या एका हाताने तो लगेच धरला.