दीर्घिकेवरची फुली

माझ्या दीर्घिकेवर आईनं निळ्या खडूनं फुली मारली, तो शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्या यंत्रमागांच्या वस्तीत, कामतघरात, लूम बंद असतात, त्यामुळे मी किती जोरात ओरडले ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

चूक तशी माझीच होती. मी पुण्याला रेडिओ दुर्बिणींच्या मदतीनं दीर्घिकांचा अभ्यास करते. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची प्रचंड वसाहत. अशा शेकडो दीर्घिका कधीकधी गर्दी करून राहतात. एखादी बाहेरची दीर्घिका त्या गर्दीत शिरली की तिथल्या तप्त वायूचा समोरून मारा होतो, तिचा स्वतःचा वायू मागे ओढला जातो आणि तिला लांबलचक शेपूट फुटतं. गेली काही वर्षं जगभर अशा शेपटांचा शोध चालू आहे. दोन वर्षं डोळे फोडून मलाही एक सापडलं होतं. सोमवारी ते माझ्या गाइड मॅडमना आणि परदेशातल्या मंडळींना दाखवायचं होतं. ते खरं ठरलं तर माझा प्रबंध उभा राहणार होता. नाहीतर दोन वर्षं पाण्यात जाणार होती.

म्हणून मी त्याची मोठी प्रिंट काढून घरी आणली आणि नीट दिसावी म्हणून आईच्या टेबलावर ठेवली. खाली अंघोळीला गेले. आता, त्या टेबलाला काच आहे, काचेखाली ट्यूबलाईट आहे, आणि गेली तीस वर्षं आई त्याच्यावरून कापड ओढत दोष शोधते आणि दिसला की निळ्या खडूनं फुली मारते. लूमवरून उतरलेला प्रत्येक तागा आधी तिच्या हाताखालून जातो, मग व्यापाऱ्याकडे. त्या काचेवर जे येईल ते तपासायचं, हे तिच्या हाताला इतकं बसलंय की एकदा तिनं माझ्या लग्नाळू मावसभावाच्या बायोडाटातल्याही तीन चुका काढल्या होत्या.

"ही फुली कसली?" मी ओले केस घेऊन किंचाळले.

"रेघ हाय ना ती. दोष हाय," आई शांतपणे म्हणाली.

"दोष नाही, शेपूट आहे! दोन वर्षं लागलीत मला!"

"असंल. पन सरळ हाय गो. धाग्यावानी."

तिनं प्रिंट उचलली, डोळ्यांच्या रेषेत आडवी धरली आणि मला वाकायला लावलं. कापड तपासणारी माणसं समोरून बघत नाहीत, तिरकं बघतात. समोरून जे लपतं ते तिरकं पाहिल्यावर उठून दिसतं. मीही तिरकं पाहिलं. शेपूट दीर्घिकेपाशी थांबत नव्हतं. दीर्घिकेला ओलांडून पलीकडे, अगदी फिकट, पण त्याच चालीनं पुढे जात होतं. मागे ओढलेलं शेपूट तोंडाच्या पुढे कसं जाईल?

"त्याच मागाचा दुसरा तागा हाय का?" आईनं विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग तिनं समजावून सांगितलं. मागाच्या फणीचा एखादा दात वाकला की कापडात उभी रेघ पडते. एका ताग्याकडे बघून ती कापडातली की मागाची ते सांगता येत नाही. त्याच मागावरून उतरलेला दुसरा तागा काढायचा. त्यातही त्याच जागी रेघ असली तर सुताला बोल लावायचा नाही, फणी बदलायची.

माझं चित्र टिपलं त्याच दिवशी त्याच दुर्बिणीनं पाहिलेली दुसरी एक दीर्घिका माझ्या लॅपटॉपमध्ये होती. माझ्या कामाची नव्हती, म्हणून मी तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. फोटो उघडला, उजळ केला. तीच रेघ. तोच कल.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आणि पायाखालची जमीन सरकलेली माणसं करतात तेच मी केलं, समोरच्यावर घसरले. "तुला काय कळतं यातलं?" असं मी आईला म्हणाले. हे लिहितानाही मला लाज वाटते.

ती चिडली नाही. "तागा फेल झाला का कारागीर असाच भांडतो," ती म्हणाली. "मंग दोन दिवसांनी येऊन फनी बदलतो. तू जेवून घे."

तेवढ्यात धामणकर नाक्यावरून बाबा आले, अंगात वारं भरलेलं. त्यांनी तिथे चहाच्या टपरीवर दर माणसाला सांगून ठेवलं होतं की पोरीनं नवीन तारा शोधला. तारा नाही, दीर्घिकेचं शेपूट, हे मी पूर्वी दहा वेळा सांगितलं होतं, पण शेपटाचं अभिनंदन कसं करणार, म्हणून त्यांनी ताराच धरला होता. नुसतं सांगून थांबले नव्हते. नाक्यावर लावायला माझ्या फोटोचा फ्लेक्सही छापायला टाकला होता. मी रडत रडत सगळं सांगितलं. बाबांनी एकदा आईकडे, एकदा खडूच्या फुलीकडे पाहिलं आणि मोबाईल काढला.

"अरे भाई, वो बोर्ड मत छापना," ते म्हणाले. "हां, हां, कॅन्सल. घरवाली ने माल रिजेक्ट कर दिया."

मला रडता रडता हसू फुटलं आणि ते आवरेना.

शनिवारी सकाळी मॅडमना फोन केला. खरं सांगते, आदल्या संध्याकाळी एक क्षण मनात आलं होतं की गप्प बसावं. रेघ फिकट आहे, कोण तिरकं बघतंय? पण आमच्या घरात एक बाई तिरकं बघते, हे आता मला विसरता येईना. मी सगळं सांगून टाकलं आणि शिव्या खायला तयार राहिले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याच दिवसाची दुसरी चित्रं काढून बघ, असं तुझ्या आई म्हणाल्या?"

"हो."

"दोन वर्षं मी तुला हेच सांगतेय. फक्त इंग्रजीत."

पुढे शोध घेतल्यावर दुर्बिणीच्या आकाशाकडे तोंड केलेल्या अनेक तबकड्यांपैकी एकीची केबल खराब निघाली. तिची नोंद काढून टाकली तशी रेघ गेली, आणि तिच्याबरोबर माझं शेपूटही. आमच्याच गटातला एक जण त्याच दिवसाच्या नोंदींवरून लेख लिहीत होता, त्याची चूक टळली. माझा प्रबंध मात्र वर्षभर लांबला. ते वर्ष सोपं नव्हतं, पण मी आता चित्रांकडे घाबरत बघायची नाही, भांडत बघायची.

गेल्या महिन्यात पुन्हा एका दीर्घिकेमागे काहीतरी दिसलं. फारच फिकट. या वेळी मी मुद्दाम प्रिंट काढली, त्याच दिवसाच्या आणखी चार चित्रांचीही काढली, आणि घरी जाऊन पाचही चित्रं आईच्या हातात दिली. बाबांना मी बोलायला बंदी घातली होती. ते दारात तोंडावर बोट ठेवून उभे होते.

आईनं चष्मा पुसला. एकेक कागद आडवा धरला, उलटा केला, काचेवर ठेवला, उचलला. आयुष्यातली कुठलीच तोंडी परीक्षा मला इतकी लांब वाटली नाही.

"ही वाकडी हाय," ती शेवटी म्हणाली. "मदी मदी गाठी हायेत. फुडं जात न्हाय. आन बाकीच्या चारींत न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे मागाची न्हाय. कापडातलीच हाय."

मी तिच्या गळ्यात पडले. ती म्हणत राहिली, कागद चुरगळतील, कागद चुरगळतील.

सोमवारी मॅडमनी चित्र पाहिलं, आकडे पाहिले, सगळे हिशेब तपासले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "खात्री आहे?"

"आईनं पास केलंय," मी म्हणाले. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला नाही.