पात्यावरचं नाव

ही गोष्ट शिरीषला ठाऊक नाही. शिरीष म्हणजे माझा नवरा. करपलेल्या भाजीपासून हॉस्पिटलातल्या भांडणांपर्यंत सगळं मी ज्याच्या कानावर घालते, तो. आईला सांगितली नाही, मैत्रिणींना नाही. मी बडबडी बाई आहे, माझ्या पोटात काही राहत नाही असं सगळे म्हणतात. हे मात्र राहिलं. आज तुमच्यापाशी बोलतेय, कारण — कारण काय? खरंच माहीत नाही. ऐकून घ्या, झालं.

मी लेस्टरला भूल देणारी डॉक्टर आहे, आणि मला जुने चाकू जमवायचा नाद आहे. हसलात ना? सगळेच हसतात. बाईमाणूस, त्यातून डॉक्टर, आणि चाकू! पण हे साधे, खिशात मावणारे घडीचे चाकू. पूर्वी इथल्या गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानांत ते मिळायचे. दुकानदार शेफील्डहून बनवून घ्यायचे आणि पात्यावर आपल्या दुकानाचं नाव उमटवून घ्यायचे. ती दुकानं केव्हाच गेली — कुठे व्हेप शॉप आलं, कुठे नेल बार. नाव उरलं ते त्या बोटभर पात्यावर. मला त्याचंच वेड लागलं.

लावलं आर्थरनी. आमच्या शेजारच्या घरात एकटे राहायचे, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा कुंपणाच्या पलीकडून पहिली हाक त्यांनीच मारली. मग रविवारी कार बूट सेलला, म्हणजे लोक घरातलं जुनं सामान गाडीतून आणून विकतात त्या बाजाराला, आम्ही दोघं जायला लागलो. गाडी त्यांची, फ्लास्कमधला आल्याचा चहा माझा. चिखलात टेबलं मांडलेली असायची, त्यावरच्या भंगारात हात घालून आर्थर एखादा चाकू उचलायचे आणि लहान मुलासारखे हरखायचे. मी त्यांना तुम्ही म्हणायचे, म्हणजे इंग्रजीत कुठलं आलंय तुम्ही, पण माझ्या मनात ते तुम्हीच होते. माझे वडील गेले त्या वर्षी मला त्यांनी फार सांभाळलं. हे सगळं सांगतेय ते उगाच लांबण लावायला नाही. म्हणजे — थोडं लांबण लावायलाच, खरं तर.

आर्थरची बायको जीन डिमेन्शियानं गेली. मी तिला पाहिलेलं नाही. तिच्याबद्दल ते फार बोलायचे नाहीत, पण एकदा गाडी चालवता चालवता म्हणाले, मरायला मी घाबरत नाही, फक्त जीनसारखं व्हायला घाबरतो. आपल्याच डोक्यावरचा भरवसा उडणं, म्हणाले, यापेक्षा वाईट काही नाही. मी ऐकलं होतं हे. त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून, स्पष्ट.

त्यांच्याकडे एक चाकू होता. लिंकनशरमधल्या एका छोट्या गावात त्यांच्या आजोबांचं हार्डवेअरचं दुकान होतं, त्या दुकानाचा. पात्यावर कमानीसारखी अक्षरं — ऑल्डरबी, आयर्नमाँगर, म्हणजे लोखंडी सामान विकणारे — आणि खाली गावाचं नाव. त्या दुकानाचं दुसरं काहीच उरलं नव्हतं. इमारत पाडलेली, माणसं गेलेली. त्यांची मुलगी हेलन दूर ब्रॅकनेल गावात आयटीत होती, तिला या चाकूंचं काडीचं कौतुक नव्हतं. जगात तो चाकू नीट पाहिलेली माणसं दोनच. आर्थर आणि मी.

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची, अवजारांची पूजा असते. मी पाटावर स्टेथोस्कोप मांडायचे, शिरीषचा लॅपटॉप, विळी, आणि हा नाद लागल्यापासून माझे चाकू. बेलग्रेव्ह रोडवरच्या आपल्या लोकांच्या दुकानांतून झेंडू आणायचा, मराठी मंडळातल्या चार जणांना फराळाला बोलवायचं. आर्थरना हा प्रकार भारी आवडला. हत्यारांचे आभार मानायचे, किती शहाणपणाचं आहे, म्हणाले. आणि त्या वर्षी आदल्या दिवशी आपला चाकू घेऊन आले. माझाही ठेव ना पूजेत, आजोबांना बरं वाटेल.

आता ऐका. जुना चाकू कधी घासायचा नाही, हे आर्थरनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेलाचा थेंब, मऊ फडकं, बस. काळा पडलाय? पडू दे. नाव वरवर उमटवलेलं असतं, घासलं की गेलं. मला हे तोंडपाठ होतं. कार बूट सेलला इतरांना मीच हे ठणकावून सांगायचे. पण पूजेला कळकट वस्तू ठेवायची? माझ्या हातांना ते पटेना. सकाळी तांब्या-निरांजन घासायला घेतलं होतं, त्याच ओघात तो चाकू उचलला, पॉलिश लावलं आणि खसाखसा घासला. पातं लख्ख झालं. नाव गेलं होतं. उजेडात तिरकं धरून पाहिलं, भिंगातून पाहिलं. काही नाही.

एवढंच असतं तर मी ही गोष्ट हसत सांगितली असती. आर्थर चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, मग चहाला आले असते. नाही का? चूक कुणाकडून होत नाही?

संध्याकाळी ते आले. बाकीची मंडळी होती, गप्पा चालल्या होत्या. त्यांनी पाटावरून चाकू उचलला, खिडकीपाशी नेला, उलटसुलट केला, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला. मग सगळ्यांसमोर मला विचारलं, "यावर नाव होतं ना?"

मी म्हटलं, "नाही आर्थर. मी पातं पुसलं, पण नाव त्यावर नव्हतंच. तुमची दुसऱ्या कुठल्यातरी चाकूशी गल्लत होतेय."

ज्या आवाजात मी पेशंटला सांगते ना, काही होणार नाही, डोळे मिटा — त्याच आवाजात. जराही चाचरले नाही. पातं चकाकत होतं, ते त्यांना दिसत होतं. दुसऱ्या कुणीही ओळखलं असतं. आर्थरनी माझ्याकडे पाहिलं आणि शंका माझ्यावर घेण्याऐवजी स्वतःवर घेतली. हळूच म्हणाले, "जीनचंही असंच सुरू झालं होतं." आणि मी, डॉक्टर, काय म्हणाले? वयानुसार होतं थोडंफार.

का केलं? चार लोकांत ओशाळं व्हायचं नव्हतं. इतकंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, नाही सापडलं.

आणि हे तोंडून निसटलं असंही नाही. माझ्या फोनमध्ये त्या चाकूचा फोटो होता, नावासकट. लोक गेल्यावर मी सिंकपाशी उभी राहिले आणि तो डिलीट केला. मग भांडी घासली.

त्यानंतर आर्थर बदलले. दार लावलं का पाहायला अर्ध्या वाटेतून मागे फिरायचे. बोलता बोलता थांबून विचारायचे, बरोबर सांगतोय ना मी? मेमरी क्लिनिकमध्ये त्यांना सांगितलं की काळजीचं काही नाही, पण ते मानेनात. त्यांना काय कळतंय, म्हणाले, तू मला रोज बघतेस. गाडी विकली. रविवार बंद झाले. सगळे चाकू एका बिस्किटांच्या डब्यात घालून माझ्याकडे आणून दिले, म्हणाले, यातलं खरं काय आणि माझ्या मनचं काय, तुलाच समजेल. मी डबा घेतला. हो, घेतला. शेवटी हेलननं घर विकायला काढलं आणि त्यांना ब्रॅकनेलजवळच्या केअर होममध्ये नेलं. ती व्हॅन कोपऱ्यावरून वळली तेव्हा मला हलकं वाटलं. दुःख नाही झालं. हलकं वाटलं, सुटल्यासारखं.

मी एकदाच भेटायला गेले. खिडकीशी बसले होते, खूप वाळले होते. मला नावानं ओळखलं, शिरीषची चौकशी केली, आल्याच्या चहाची आठवण काढली. मग माझा हात धरून म्हणाले, "एक विचारू? आजोबांचं दुकान तरी होतं ना ग? की तेही मीच मनानं रचलंय?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. ओशाळायला चार लोकही नव्हते. एक वाक्य होतं, जिभेवर आलं होतं. मी त्यांच्या मांडीवरची शाल सारखी केली आणि म्हटलं, "नका हो इतका विचार करू. आराम करा."

त्यांनी मान डोलावली. हात सोडला.

काही महिन्यांनी ते गेले, हृदयाच्या दुखण्यानं. फ्युनरलला हेलननं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, बाबा म्हणायचे, सगळे मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतात, तोंडावर खरं सांगणारी ती एकटी. मी तिला मिठी मारली. ती रडली. मीही रडले, आणि लोकांना वाटलं, किती जीव होता हिचा त्यांच्यावर.

आर्थरच्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं. दुकान होतं, नाव होतं, त्यांना शेवटपर्यंत सगळं नीट आठवत होतं. त्यांना ते माहीत नव्हतं. मला होतं.