पाहुण्याचे पाय

बऱ्हाणपुरात तारकशांच्या गल्लीत भल्या पहाटे गटारापाशी उकिडवा बसलेला माणूस दिसे, तो चुडामण झारेकरी. तारकश चांदीवर सोनं चढवून तिची केसासारखी तार ओढतात. ओढताना कण उडतात. कारखान्यातून अंगणात, अंगणातून गटारात. गटारातले कण चुडामणचे. तो गाळ काथवटीत धुवायचा, पारा घालायचा, विस्तवावर धरायचा. निघेल त्या चांदीवर घर चाले. सोनं चिमूटभर निघे, ते तो ठेवून देई.

कारखान्यातली धूळ मात्र मालकाची. झारेकऱ्याला उंबरा बंद. कारागीरसुद्धा उठताना धोतर झटकत, तळवे गोणपाटावर घासत, मगच बाहेर पाऊल टाकत. बापजाद्यांपासूनची रीत.

तेहतीस सालच्या वैशाखात चुडामणच्या शारदेचं लग्न निघालं. मंगळसूत्राची एक वाटी सासरची, एक माहेरची. माहेरची वाटी त्याने साठवलेल्या सोन्यातून घडवायला टाकली. लग्नाला तीन दिवस उरले तेव्हा यादव सोनार म्हणाला, "वाटी झाली. कडीला सोनं नाही."

"किती पाहिजे?"

"मोहरीएवढं. माझ्याकडून घे ना."

"झारेकऱ्यानं सोनं विकत घेतलं, तर उद्या मासा पाणी विकत घेईल."

"मग बिनकडीची वाटी पोरीच्या गळ्यात चिकटवशील काय डिंकानं?"

घरी त्याच्या बायकोने, मालूबाईनेही हेच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शनवारा दरवाज्याशी त्याला मधुकर भेटला. जबलपूरला बी. ए. होऊन नाशिकला घरी निघालेला. लांबच्या तिकिटावर वाटेत एक दिवस उतरता येतं, म्हणून उतरलेला. टांग्याचं भाडं वाचवायला तो स्टेशनापासून पायी आला होता, आणि वहाणा झिजू नयेत म्हणून त्या पिशवीत ठेवल्या होत्या.

"ही जुनी राजधानी ना?" त्याने विचारलं. "फुकटात काय काय पाहता येईल?"

चुडामणने त्याचे पाय पाहिले. रुंद, घामट, भेगाळलेले. इतके चांगले पाय त्याने बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

"सगळंच," तो म्हणाला. "मी दाखवतो ना, भाऊ. अन् जेवायला घरीच यायचं."

जामा मशीद त्यांनी रस्त्यावरून पाहिली. बाजाराच्या गर्दीतून चुडामणने त्याला दंडाला धरून काढलं. किल्ला बाहेरून दाखवला.

"आत नाही जायचं?"

"आत वटवाघळं आहेत. राजधानी गल्लीत आहे."

गल्लीत मात्र घाई नव्हती. सात कारखाने. चुडामण बाहेर उभा राही. परगावचा शिकलेला माणूस आपलं काम पाहायला आला म्हणून मालक खूश होत, बसा म्हणत, पान देत. मधुकर जमिनीवर मांडी घाली, उठे, चाकापाशी जाई, भट्टीपाशी जाई. एका कारखान्याचे म्हातारे मालक उखर्डूशेठ, तो निघाला तेव्हा, "भाऊ, जरा पाय..." एवढं म्हणाले आणि त्यांनी पानच पुढे केलं. पाहुण्याला पाय झटक म्हणायचं कसं?

सातव्या कारखान्याच्या दारात टांगा उभा होता.

"टांगा कशाला? मी चालतो की."

"पाहुणे आहात. बसा. पाय वर घ्या."

टांगेवाल्याला घर सांगून चुडामण आडवाटेने पुढे धावला. मालूबाईने काथवट मांडली. पाणी कोमट केलं.

मधुकर आला तो चालत आला. पाय ओले. नखंसुद्धा लख्ख.

"वाटेत तापी दिसली," तो म्हणाला, "म्हणून टांगा सोडला. घाण पायांनी कुणाकडे जेवायला कसं जायचं? वाळूनं चांगले घासले."

मालूबाई भिंतीकडे तोंड करून हसू लागली. चुडामणने काथवटीतलं पाणी अंगणात ओतलं.

"तापीमायला गेलं," तो म्हणाला. "वाढ त्यांना."

वाढता वाढता मालूबाईने सगळं सांगितलं. मधुकरचा घास हातातच राहिला. त्याने मुंजीतली अंगठी काढून पाटाशी ठेवली.

"ती बोटात घाला," चुडामण म्हणाला. "विकतचं परवडलं, दान नको."

"मग उद्या पुन्हा जातो गल्लीत."

"तुमचं तिकीट बाद होईल."

"होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मधुकर पहिल्या कारखान्यात बसला, हिंडला, उठला. मालकाने गोणपाट पुढे सरकवलं. "पाय झटका, भाऊ." दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही तेच. उखर्डूशेठकडे त्याने विचारलंच, "काल तर कुणी म्हणालं नाही."

"काल पाहुणे होता," शेठ म्हणाले. "आज परत आलात, म्हणजे घरचे. घरच्याला काय लाजायचं? डावा राहिला बघा."

मधुकरने डावा घासला.

बाहेर चुडामणने ऐकलं. तो रागावला नाही. रीत त्यालाही मान्य होती. तिथून तो तडक यादवकडे गेला. यादवने तराजू पुढे ओढला.

"विकत नको," चुडामण म्हणाला. "वाटी मोड. लहान कर. त्यातच कडी काढ."

"हरभऱ्याएवढी होईल रे. शेजारी सासरची असणार. बायका बोलतील."

"बोलतील."

मधुकर लग्नाला थांबला. तिकीट गेलंच होतं, जेवण तरी होतं. मांडवात विहीणबाईंनी मंगळसूत्र हातावर घेतलं. सासरची वाटी बोराएवढी. माहेरच्या वाटीची कडीच आधी दिसत होती.

"माहेरची जरा बारीकच आहे," विहीणबाई म्हणाल्या.

शारदेने मान वर केली नाही. मालूबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

"हो," चुडामण म्हणाला. "मोठी आहे ती विकतची."