हशासाठी सोडलेली जागा

आमच्या तिघांच्या विनोदी मंडळात एकच शिस्त होती आणि ती मास्तरांनी लावलेली. लोकांचा हशा पुरता खाली बसल्याशिवाय पुढचं वाक्य तोंडातून काढायचं नाही. मास्तर प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि आमचे प्रवेश लिहायचे. दुसरा माझा दोस्त, हट्टा ते वसमत काळी-पिवळी जीप चालवणारा. तिसरा मी, हट्ट्यातला टेलर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या प्रचारासाठी आम्ही गावोगाव, तांड्यातांड्यांवर फिरलो. साक्षर किती झाले देव जाणे, पण लोक पोटभर हसले.

आमचा हुकमी प्रवेश टेलरचाच. दोस्त गिऱ्हाईक व्हायचा. पन्नाशीचं हे गिऱ्हाईक पँट चार बोटं लांब शिवायला सांगतं, कारण जुनी झाली की ती धाकट्या भावाला द्यायची आणि भाऊ उंच. मी म्हणायचो, "मग भावालाच आण की मापाला!" दोस्त गप्प. लोक हसायचे. हशा बसला की तो इकडंतिकडं बघून हळूच म्हणायचा, "अन् त्यानं आजच मागितली तर?" मग मी फार मोठी गोष्ट कळल्यासारखी मान हलवायचो, आणि लोक मांडव डोक्यावर घ्यायचे.

पुढं ज्याचं त्याचं सुरू झालं. मास्तरांनी एका प्रचारपटात एकट्यानं काम केलं. त्यात ते इतके गंभीर दिसले, की त्यांच्याच वर्गातली पोरं पडदा बघून सरळ बसली. दोस्ताला तर मुंबईच्या एका विनोदी मालिकेत वॉचमनचं काम मिळालं. जीप मेव्हण्याच्या हवाली करून तो गेला.

पहिल्या भागाला ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढं अख्खा गाव बसला. तो आला, एक वाक्य बोलला आणि आमच्या शिस्तीप्रमाणं हशासाठी थांबला. आम्ही सगळे तोंड उघडं टाकून बघत राहिलो. आपला माणूस टीव्हीत दिसतोय, एवढंच आम्हाला पुरलं होतं. मी तर त्याच्या वर्दीची कॉलर बघत बसलो होतो, डावीकडं ओढली होती. पुढच्या भागात त्याला वाक्यच नव्हतं, त्यानं नुसतं दार उघडलं. त्याच्या पुढच्या भागात दार दुसऱ्यानंच उघडलं.

परत आल्यावर तो माझ्या दुकानात गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. म्हणाला, "तिथले लोक मला मठ्ठ समजले. म्हणे, हा बोलता बोलता बंद का पडतो? ते जाऊ दे. मी थांबलो तवा तुमी तरी हसले का?"

मला खोटं बोलता आलं असतं. खरं तेच सांगितलं, "न्हाई." तो उठला आणि जीपवर गेला. त्यानंतर मंडळाचं नाव काढलं की हॉर्न वाजवायचा. शंभर मैलांत त्याच्याइतका हसवणारा माणूस नव्हता आणि तो आता प्रवाशांशीही धड बोलेना. मुंबईवाल्यांचा राग आला, पण त्यांच्यापेक्षा स्वतःचा जास्त आला. ऐन वेळी मी कॉलर बघत होतो! तेव्हाच ठरवलं, याला परत बोलतं करीन तरच नावाचा टेलर.

तोवर सीडीचा जमाना आला होता. वसमतचा एक लग्नाचं शूटिंग करणारा गाठला. दोस्ताला म्हणालो, "फिल्म काढून राहिलो. तू गिऱ्हाईक."

"मला जमणार न्हाई. तू कर एकट्यानं."

"करतो. तुझी खुर्ची तशीच ठेवतो."

आणि तशीच ठेवली. माझंच दुकान, मशीनमागं मी आणि समोर रिकामी खुर्ची. मी तिच्याशी बोलायचो, हशाएवढा थांबायचो आणि पुढचं वाक्य टाकायचो. कॅमेरावाला वैतागला. "काका, डायलॉग विसरून राहिले का?" नंतर कॉम्प्युटरवर जोडताना तो हे थांबे कापायला लागला. मी म्हणालो, "एक जरी कापलास तर तुझ्या लग्नाचा कोट एका बाहीचा शिवीन."

मग घरी पहिल्यांदा सीडी लावली. पडद्यावरचा मी बोलत होतो आणि खुळ्यासारखा गप्प बसत होतो. बायको म्हणाली, "थांबता काहून? कोणाची वाट बघून राहिले?" पण कापलं काहीच नाही.

बाजाराच्या दिवशी भरदुपारी देवळाच्या सभामंडपात मोठा टीव्ही मांडला. पिशव्या मांडीवर घेऊन बाया बसल्या, मास्तर पहिल्या रांगेत, मी त्यांच्या मागं. दोस्त सगळ्यांत मागं, खांबाला टेकून, हातात जीपची चावी. त्याला बजावलं होतं, "माझ्यासाठी म्हणून हसायचं न्हाई."

पहिला थांबा रिकामा गेला. दुसराही गेला. मग पडद्यावरच्या टेलरनं खुर्चीला विचारलं, "झंपर कालच नेला ना? मग आज उसवला कसा?" आणि तांड्यावरून बाजाराला आलेली एक म्हातारी खणखणीत म्हणाली, "खाऊन खाऊन! दुसरं काय?" सभामंडप हशानं दणाणला. हशा खाली बसला आणि बराबर त्याच क्षणी माझं पुढचं वाक्य आलं. मास्तरांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्यानंतर एकही थांबा वाया गेला नाही.

शेवटी पँटचा प्रवेश. "मग भावालाच आण की मापाला!" लोक हसले, हसून थांबले. पण पडद्यावरचा मी अजून गप्पच होतो, कारण ही जागा मी दुप्पट सोडली होती. सगळे शांत झाले. मी मागं बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती.

खांबापासून, अगदी हळू, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा आवाज आला, "अन् त्यानं आजच मागितली तर?"

पडद्यावरच्या टेलरनं मान हलवली.