बोर्डाकडे अर्धवट गेलेली फाइल

देवळीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मुख्य लिपिक होतो. निवृत्तीला दोन महिने उरले होते, तेव्हाची ही गोष्ट. आजवर ती मी चुकीचीच सांगत आलो.

बारावीच्या प्रात्यक्षिकांच्या गुणपत्रकांची एक मोठी फाइल बोर्डाच्या साइटवर चढवायची होती. मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाई कंत्राटी होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. मला काकाजी म्हणत. तीनच्या सुमारास वीज गेली, नेटही गेलं. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिला. फाइल सत्तर टक्क्यांवर अडकली.

"नेट आलं का जिथं थांबली तिथूनच पुढं जाते," बाई म्हणाल्या. "चौकातून दुसऱ्या कंपनीचं सिम आणाले चालली मी. फक्त मशीन बंद नका करू काकाजी. बंद झाली तर पहिल्यापासून."

"मले का लहान लेकरू समजता?" मी म्हणालो.

लोडशेडिंगच्या काळापासून आमच्या ऑफिसात एक शिस्त होती. बॅटरी उतरून इन्व्हर्टर ओरडला की जवळ असेल त्याने भिंतीवरची सगळी बटनं बंद करायची. ती मीच लावली होती, आणि विसरणाऱ्यांना चारचौघांत बोललोही होतो. दहा मिनिटांनी इन्व्हर्टर ओरडला. मी हजेरीपत्रक भरत होतो. उठलो, पंखा, ट्यूब, कॉम्प्युटर, सगळं बंद केलं आणि परत येऊन बसलो. लेखणी हातात घेतल्यावर लक्षात आलं. तरी उठलो नाही, हजेरीपत्रक भरत राहिलो.

बाई आल्या. काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. वीज तेवढ्यात आली होती, नेट नव्हतं. त्यांनी बटन चालू केलं. फाइल शून्यावर होती आणि चार वाजत आले होते. अख्खी फाइल आता जाणार नव्हती. बाईंनी तिचे तुकडीवार चार भाग केले आणि मोबाइलच्या नेटवर एकेक सोडू लागल्या. दुसरा भाग मध्येच तुटला, तेवढाच पुन्हा पाठवला. मी मागे उभा राहून टक्के वाचत होतो. तीन भाग पोचले. चौथा अर्ध्यावर असताना पाच वाजले आणि साइट बंद झाली.

प्राचार्यांनी बाईंसमोरच मला विचारलं, "काय झालं?"

"बाई बाहेर गेलत्या, साहेब," मी म्हणालो. "चालू काम तसंच टाकून."

यातला एक शब्दही खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य नागपूरला जाऊन उरलेले गुण देऊन आले. मुलांचं काही बिघडलं नाही. बाईंचं कंत्राट मात्र पुढे वाढलं नाही, आणि अनुभवाच्या दाखल्यावर 'कामात हलगर्जी' असा शेरा आला. तो दाखला मीच टाइप केला.

गेल्या महिन्यात वर्ध्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिलं. मी म्हणालो, "ते बटन मी बंद केलं होतं."

"मले तवाच दिसलं, काकाजी."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"तुम्ही बोलसान म्हणून थांबली होती. मंग तुम्ही बोलले."

दाखल्याची झेरॉक्स मागून घेतली आणि शेरा काढावा असा अर्ज, घडलेलं सगळं लिहून, देवळीला नेला. माझ्या खुर्चीवरचा आताचा लिपिक म्हणाला, "काकाजी, इतकं जुनं कायले उकरून राह्यले?" मी म्हटलं, आवक क्रमांक टाका. त्याने टाकला. निर्णय अजून आलेला नाही. दर सोमवारी मी विचारायला जातो.